संगणकीय दप्तरास बाहेरील उपकरणें जोडण्याविषयीं

१. जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या आमच्या मंडळींत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवें काम शिरलें आहे. पूर्वी रुमाल सोडला, कागद वाचला, नक्कल केली, पुनः रुमाल बांधला, कीं काम संपे. आतां कागदाची छायाप्रत घेतली जाते, ती संगणकावरील दप्तरांत दाखल होते, आणि तेथून पुढें तिच्या वाटेला नाना प्रकारचीं उपकरणें येतात. एक उपकरण छायाप्रत मोठी करून दाखवितें, दुसरें तींतील अक्षरें ओळखून मजकूर उतरवितें, तिसरें सूची करतें, चौथें शोध घेतें. हीं उपकरणें दप्तर बनविणाऱ्यानें बनविलेलीं नसतात. तीं बाहेरचीं असतात. दप्तर एकाचें आणि उपकरण दुसऱ्याचें असतां त्यांचा व्यवहार कसा व्हावा, हा प्रश्न वरवर पाहतां यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु मूळ कोणतें, त्यावरील टीप कोणाची आणि ती कोठें ठेवावी, हा आपल्या नित्याच्या पाठचिकित्सेचाच प्रश्न आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. या विषयाकडे मी हौसेनें वळलों नाहीं. शाळेंतून सेवानिवृत्त झाल्यावर एका संस्थेच्या हस्तलिखितसंग्रहाची सूची करण्यास मी आठवड्यांतून दोन दिवस जात असें. तेथील कागदांच्या छायाप्रती संगणकीय दप्तरांत होत्या. टिपा लिहिण्याची सोय त्या दप्तरांत नव्हती. म्हणून संस्थेनें टिपणीचें एक उपकरण बाहेरून आणून जोडून घेतलें. मोडी वाचनांत ज्यांचा जन्म गेला असे एक वृद्ध गृहस्थ आमच्यांत होते. त्यांनीं दोन वर्षें बसून शेंकडों कागदांवरील वाचनें व शंका त्या उपकरणांत नोंदविल्या. पुढें ते वारले. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं दप्तराची नवी आवृत्ति बसविण्यांत आली. एके सकाळीं एका गहाणखताखालीं मला जी टीप दिसली, ती देवस्थानच्या नैवेद्याच्या यादीवरची होती. पुढचा कागद पाहिला, तेथेंही तोच प्रकार. टिपा सर्व शाबूत होत्या. परंतु आपापल्या कागदावरून सरकून त्या भलत्याच कागदांवर जाऊन बसल्या होत्या.

कारण शोधतां असें आढळलें कीं, उपकरणानें टिपा कागदाच्या दाखलक्रमांकाशीं न बांधतां दप्तराच्या डेटाबेसमधील ओळीच्या क्रमांकाशीं बांधल्या होत्या. नव्या आवृत्तींत त्या ओळींचे क्रमांक बदलले. दप्तरास टिपांची खबर नव्हती आणि उपकरणास बदलाची खबर नव्हती. जुन्या डेटाबेसची प्रत, नवी आवृत्ति नीट चालते असें पाहून, पुसून टाकलेली होती. ज्या टिपांत मजकुराचे शब्द उद्धृत होते त्या आम्हीं पडताळून पुनः जागीं लावल्या. परंतु ‘खालील सही दुसऱ्या हातची दिसते’, ‘तिथि व वार जुळत नाहीं’ अशा ज्या टिपा होत्या, त्या कोणत्या कागदाच्या, हें सांगणारा मनुष्य हयात नव्हता. त्या टिपा खऱ्या आहेत, पण कशाविषयीं खऱ्या तें कळत नाहीं.

३. आतां दप्तर म्हणजे काय तें पाहूं. व्यापारी कंपन्या, बँका, विमाकचेऱ्या व सरकारी खातीं यांचे कागद संगणकांत ठेवून त्यांच्या नोंदी, आवृत्त्या, पाहण्याचे अधिकार व जपून ठेवण्याच्या मुदती सांभाळणारी जी व्यवस्था, तिला ‘एंटरप्राइज कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम’ असें लांबलचक नांव आहे. या लेखांत तिला दप्तर एवढेंच म्हटलें आहे. अमेरिकेंत १९८२ सालीं फाइलनेट ही कंपनी निघाली. कागदाची प्रतिमा घेऊन ती कचेरींत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर संगणकाच्या द्वारें पाठविणें हें तिचें काम. १९९० सालीं डॉक्युमेंटम निघाली. पुढें अशा कंपन्या पुष्कळ झाल्या, आणि प्रत्येकीच्या दप्तराची बोली निराळी झाली.

बोली निराळी असल्याचा परिणाम साध्या गणितानें कळतो. चार दप्तरें व पांच उपकरणें असतील आणि प्रत्येक उपकरणास प्रत्येक दप्तराशीं बोलावयाचें असेल, तर दुभाषे वीस लागतात. सर्वांनीं एकच मध्यस्थ बोली मान्य केली, तर चार अधिक पांच, म्हणजे नऊ पुरतात. दहा दप्तरें व तीस उपकरणें घेतल्यास तोच हिशेब एकीकडे तीनशें व दुसरीकडे चाळीस असा होतो. ही मध्यस्थ बोली ठरविण्यासाठीं ई.एम.सी., आय.बी.एम. व मायक्रोसॉफ्ट या तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं २००८ च्या सप्टेंबरांत एक मसुदा प्रसिद्ध केला. अल्फ्रेस्को, ओपन टेक्स्ट, ओरॅकल व सॅप यांचेंही त्यांत साहाय्य होतें. मानकें ठरविणाऱ्या ओॲसिस या संस्थेनें १ मे २०१० रोजीं त्याची पहिली आवृत्ति मान्य केली, आणि १.१ ही आवृत्ति २०१३ सालीं निघाली. या मानकाचें नांव ‘कंटेंट मॅनेजमेंट इंटरऑपरेबिलिटी सर्व्हिसेस’, संक्षेपानें सी.एम.आय.एस.

४. या मानकाच्या पहिल्या आवृत्तींत चार पदार्थ मानले आहेत: दस्तऐवज, त्यांचे कप्पे, दोन वस्तूंमधील संबंध, आणि धोरण. उपकरणानें प्रथम दप्तरास विचारावयाचें कीं, येथें काय काय करतां येतें? पूर्ण मजकुरांत शोध घेतां येतो काय? एकच दस्तऐवज दोन कप्प्यांत ठेवतां येतो काय? बदलांची यादी मिळते काय? दप्तर जें उत्तर देईल त्याच मर्यादेंत पुढचा व्यवहार चालतो. प्रत्येक वस्तूस दप्तरानें दिलेली एक खूण असते. व्यवहार त्या खुणेनें करावयाचा, नांवानें किंवा कप्प्यांतील जागेनें नव्हे. रुमाल बदलला तरी दाखलक्रमांक बदलूं नये, हा आपला जुना नियमच येथें आहे.

दुरुस्तीची रीति तर आमच्या वाचकांस घरचीच वाटेल. पोथी बाहेर दिली म्हणजे फळीवर तिच्या जागीं आपण चिठ्ठी ठेवतों; ती कोणाकडे आहे तें चिठ्ठीवरून कळतें, आणि दुसऱ्यास ती त्या अवधींत मिळत नाहीं. आवृत्त्या ठेवणाऱ्या दप्तरांत उपकरण जेव्हां दस्तऐवज ‘चेक-आउट’ करतें, तेव्हां हेंच होतें. फरक इतकाच कीं, शेवटची आवृत्ति जागेवर राहते आणि कामापुरती एक प्रत वेगळी निघते. काम आटोपून ‘चेक-इन’ केलें म्हणजे नव्या आवृत्तीची नोंद होते व आधींची मागें शिल्लक राहते. ती कोणीं व केव्हां केली हें दप्तर स्वतः लिहितें. या मानकांत सर्व दप्तरांना समान असा भागच तेवढा आला आहे. एखाद्या दप्तराची विशेष करामत हवी असल्यास त्या दप्तराच्या स्वतःच्या करारानें बोलावें लागतें. अशा प्रत्येक प्रसिद्ध करारास यंत्रज्ञ ‘एपीआय’ म्हणतात.

५. जोडणीच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली भिंत फोडण्याची. उपकरण दप्तराच्या डेटाबेसमध्यें थेट शिरतें, हव्या त्या ओळी वाचतें व लिहितें. ही वाट जवळची व स्वस्त. आमच्या संस्थेंत हीच धरली होती. डेटाबेसची आंतील मांडणी ही दप्तरकर्त्याची खासगी बाब असते. ती तो केव्हांही बदलूं शकतो, आणि बदलल्याचें कोणास कळविण्यास तो बांधलेला नसतो. शिवाय भिंतींतून आलेल्यास दारावरचा पहारेकरी पाहत नाहीं; त्यामुळें कोणीं काय केलें याची नोंदही होत नाहीं.

दुसरी वाट दाराची, म्हणजे वर सांगितलेल्या कराराची. ती लांबची आहे. परंतु दप्तराचें आंतील घर पाडून नवें बांधलें तरी, दार जागेवर आहे तोंपर्यंत पाहुण्यास अडचण पडत नाहीं. तिसरी वाट घंटेची. नवा कागद दाखल झाला, कीं दप्तर आपण होऊन उपकरणास निरोप पाठवितें. त्यामुळें ‘नवें कांहीं आलें काय?’ असें उपकरणास घटकेघटकेस विचारावें लागत नाहीं. परंतु घंटा वाजली तेव्हां पाहुणा निजलेला असूं शकतो, आणि कधीं एकच निरोप दोनदां येतो. म्हणून उपकरणानें ‘येथपर्यंत वाचलें’ अशी खूण जवळ ठेवून दप्तराच्या बदलांच्या यादींतून मागचें भरून काढावें, आणि तोच निरोप दुसऱ्यानें आला तर दुबार नोंद करूं नये, असा बंदोबस्त लागतो.

६. दारांतून आलेल्यास किती आंत येऊं द्यावें हा पुढचा प्रश्न. पूर्वी कित्येक ठिकाणीं सूचिकाराचें नांव व पासवर्डच उपकरणाच्या स्वाधीन करीत. म्हणजे कोठीच्या किल्ल्यांचा जुडगाच देऊन टाकीत. २०१२ च्या ऑक्टोबरांत ‘ओऑथ २.०’ ही पद्धति मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तींत पासवर्ड उपकरणास कळण्याचें कारण राहत नाहीं. मालक दप्तराच्या दाराशीं स्वतः आपली ओळख पटवितो, आणि दप्तर उपकरणास एक दस्तक देतें. पेशवाईंतील दस्तकाप्रमाणेंच यावरही काय करतां येईल व किती वेळ चालेल याची मर्यादा असते, आणि मनांत येईल तेव्हां तें रद्द करतां येतें. छायाप्रती दाखविणाऱ्या उपकरणास वाचण्याचें दस्तक पुरे. लिहिण्याचें देण्याचें कारण नाहीं.

संग्राहकांनीं येथें एक गोष्ट विशेष जपली पाहिजे. एखादें घराणें आपले कागद संस्थेस देतें तेव्हां ‘अमुक बाड इतकीं वर्षें कोणास दाखवूं नये’ अशी अट घालतें. शोधाचें उपकरण मात्र बहुधा सर्वाधिकाराचें दस्तक घेऊन सर्व कागद वाचून ठेवतें. मग कोणी एखादें नांव शोधलें, कीं मिटलेल्या बाडांतील दोन ओळी उत्तरांत उघड दिसतात. दप्तरानें बाड उघडलेलें नसतें. उपकरणाच्या टाचणवहींतून मजकूर फुटलेला असतो. म्हणून कागदाबरोबर कागदाचे अधिकारही उपकरणाकडे गेले पाहिजेत, आणि उत्तर देतांना विचारणाराचा अधिकार पुनः पाहिला पाहिजे.

७. करार झाला, दस्तक मिळालें, तरी रकान्यास रकाना जुळतोच असें नाहीं. आपल्या सूचींत ‘काल’ या रकान्यांत ‘शके १६९४’ असें लिहिलेलें आहे. उपकरणास इसवी तारीख पाहिजे, तीही दिवस व महिना यांसह. जोडणी करणारा ७८ मिळवून १७७२ करतो, आणि दिवस ठाऊक नसल्यामुळें यंत्र आपल्या मनानें ‘१ जानेवारी १७७२’ भरतें. आतां शके १६९४ चा आरंभ १७७२ च्या चैत्रांत. त्या वर्षाची १ जानेवारी शके १६९३ मध्यें पडते. म्हणजे भरलेली तारीख मूळ वर्षाच्या बाहेरच गेली. थोरले माधवराव पेशवे थेऊर येथें वारले तो शके १६९४ चा कार्तिक, म्हणजे १७७२ चा नोव्हेंबर; परंतु त्याच शकाच्या माघांतील पत्र १७७३ मध्यें जातें व तेथें ७९ मिळवावे लागतात. शुहूर सनास याच न्यायानें ५९९ किंवा ६००. उपाय एकच: मूळ कालनिर्देश जसाच्या तसा एका रकान्यांत ठेवावा, इसवी सनाची ‘पासून–पर्यंत’ अशी मर्यादा दुसऱ्या रकान्यांत द्यावी, आणि जें ठाऊक नाहीं तें कोरें सोडावें. कोरा रकाना स्वीकारीत नाहीं तें उपकरण इतिहासाच्या कामाचें नव्हे.

दुसरा नमुना अक्षरांचा. ‘कऱ्हाड’ या नांवांतील अर्धा र संगणकांत दोन तऱ्हांनीं लिहितां येतो. एक तऱ्हा ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराचा पाय मोडण्याची; दुसरी साध्या ‘र’ चा पाय मोडून पुढें ‘झिरो विड्थ जॉइनर’ नांवाचें, डोळ्यांस न दिसणारें, जोडचिन्ह घालण्याची. पडद्यावर दोन्ही नांवें एकसारखीं दिसतात. संगणकाच्या दृष्टीनें तीं भिन्न आहेत, आणि युनिकोडच्या सामान्य एकीकरणाच्या नियमांनींही तीं एक ठरत नाहींत. दप्तर एका तऱ्हेनें लिहिणारें व शोधाचें उपकरण दुसऱ्या तऱ्हेनें विचारणारें असलें, तर कऱ्हाडचे कागद दप्तरांत असून ‘आढळ नाहीं’ असें उत्तर येतें, आणि संशोधक तें खरें मानून उठतो. याचाही उपाय मूळ नोंद बदलणें हा नव्हे. शोधापुरती एकरूप केलेली प्रत उपकरणानें स्वतःपाशीं ठेवावी.

८. आतां चांगल्या जोडणीचें एक उदाहरण देतों. हस्तलिखितांच्या छायाप्रती दाखविण्याकरितां प्रत्येक ग्रंथालय आपापलें दर्शक-उपकरण बनवीत असे, व एकाचें दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नसे. २०११ सालीं ब्रिटिश लायब्ररी, ऑक्सफर्डचें बॉडलियन ग्रंथालय, फ्रान्स व नॉर्वे येथील राष्ट्रीय ग्रंथालयें आणि स्टॅनफर्ड व कॉर्नेल हीं विद्यापीठें यांनीं इतरांसह एक सामाईक करार करण्याचें मनावर घेतलें. त्याचें नांव ‘इंटरनॅशनल इमेज इंटरऑपरेबिलिटी फ्रेमवर्क’. बोलण्यांत त्यास ‘ट्रिपल-आय-एफ’ म्हणतात. त्याप्रमाणें दर्शक दप्तराकडे छायाप्रत मागतो ती पांच गोष्टी सांगून: कोणता भाग, केवढा आकार, किती अंशांत फिरवून, कोणत्या रंगछटेंत, आणि कोणत्या प्रकारच्या फाइलींत. पानाच्या डाव्या कडेपासून ४०० व वरून ९०० बिंदु सोडून १६०० रुंद व ३०० उंच एवढी पट्टी द्या, असें म्हटलें, कीं तेवढीच ओळ मिळते. पानांचा क्रम व मथळे सांगणारें एक अनुक्रमपत्र वेगळें असतें. त्यास ‘मॅनिफेस्ट’ म्हणतात. मिराडोर, युनिव्हर्सल व्ह्यूअर असे दर्शक या करारानें कोणत्याही दप्तरांतील पोथी दाखवूं शकतात.

यापासून काय साधलें तें पाहा. फ्रान्समध्यें शातोरू येथील ग्रंथालयांत फ्रेंच राजांच्या बखरीची एक सचित्र हस्तलिखित प्रत आहे. तिच्या पानांतून कित्येक चित्रें कोणीं तरी पूर्वी कापून नेलीं; त्यांपैकीं कांहीं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. दोन्ही दप्तरें एकाच कराराचीं असल्यामुळें शातोरूचें भोंक पडलेलें पान व पॅरिसचें चित्र मिराडोरमध्यें एकत्र बसवून दाखवितां आलें. पान शातोरूसच राहिलें, चित्र पॅरिसलाच राहिलें, कोणाच्याही दप्तरांत अक्षर बदललें नाहीं. ज्यांच्या पोथीचीं अर्धीं पानें दुसऱ्याच्या घरीं आहेत, त्यांस याचें मोल सांगावयास नको.

टिपांची व्यवस्थाही याच तत्त्वावर आहे. २०१७ च्या फेब्रुवारींत ‘वेब ॲनोटेशन’ हें मानक ठरलें. त्यांत टिपेचीं दोन अंगें मानलीं आहेत: टिपेचा मजकूर, आणि ती ज्यावर आहे त्याचा पत्ता. त्यांस जोडून कोणीं व केव्हां लिहिली तेंही नोंदतां येतें. टीप छायाप्रतींत कोरली जात नाहीं; ती वेगळ्या ठिकाणीं राहते व पत्त्यानें पानाकडे बोट दाखविते. पत्ता मात्र कायमचा असला पाहिजे; आमच्या वृद्ध मित्राच्या टिपांत चुकलें तें एवढेंच.

जुन्या लेखकांचा अनुभव येथें आठवतो. एका वाचकानें समासांत अर्थासाठीं शब्द लिहावा, पुढच्या नक्कलकारानें तो सुटलेला पाठ समजून मुळांत घ्यावा, आणि दोनशें वर्षांनीं तो कोणास ओळखूं येऊं नये, हा प्रक्षेपाचा नेहमींचा क्रम आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभिलें व १९६६ सालीं संहिता पूर्ण झाली; तींत वर संहिता, खालीं पाठभेद, आणि प्रत्येक पाठभेदास त्या त्या हस्तलिखिताची खूण, अशी पानाची मांडणी आहे. दप्तर व उपकरण यांची जोडणी अशाच पानासारखी असावी.

९. अक्षरें ओळखणाऱ्या उपकरणास हा नियम सर्वांत अधिक लागू आहे. टेसरॅक्ट हें अशा प्रकारचें प्रसिद्ध उपकरण ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९४ या काळांत तयार झालें व २००५ सालीं सर्वांस खुलें झालें. तें आतां छापील देवनागरीही वाचतें. परंतु घ व ध, भ व म, ख व ‘रव’ यांत घोटाळा करतें, आणि तोही न डळमळतां. आमचा मोडीवाचक शंका असेल तेथें प्रश्नचिन्ह घाली. यंत्राच्या मजकुरांत तसें चिन्ह सहसा नसतें. मोडी लिपीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें तें २०१४ सालच्या जूनमध्यें. त्यामुळें जुनीं संगणकीय वाचनें बाळबोधींत आहेत, आणि मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळलेला नसल्यानें बाळबोधींत आणतांना वाचकानें स्वतःचा निर्णय केलेला असतो.

म्हणून यंत्राचें वाचन दप्तरांत परत येतांना पुष्पिका घेऊन आलें पाहिजे. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, शक, तिथि व स्थल देतो, तशी उपकरणाचें नांव, त्याची आवृत्ति, दिनांक, आणि कोणती छायाप्रत वाचली हें सांगणारी ओळ त्या मजकुरास जोडावी. तो मजकूर माणसाच्या वाचनाशेजारीं ठेवावा, त्याच्या जागीं ठेवूं नये. पुढच्या वर्षीं अधिक चांगलें उपकरण आलें तर त्याचेंही वाचन तिसरें म्हणून राहील, आणि कोणतें वाचन कोणाच्या हातचें हें सदैव कळेल.

१०. पाहुणा येतांना तो जाणार कसा हेंही पाहून ठेवावें. ॲडोबी कंपनीनें फ्लॅश या साधनाचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं बंद केला; त्यावर बांधलेले दर्शक पुढील जानेवारीपासून निरुपयोगी झाले. दप्तरांचे धनीही बदलतात. फाइलनेट २००६ सालीं आय.बी.एम.कडे गेली. डॉक्युमेंटम २००३ सालीं ई.एम.सी.नें घेतली, २०१६ सालीं ई.एम.सी.सह ती डेल कंपनीकडे गेली, आणि २०१७ सालीं ओपन टेक्स्टकडे. संग्रहाचें आयुष्य शतकांचें, उपकरणाचें दहा-पंधरा वर्षांचें. हें अंतर गृहीत धरूनच जोडणी करावी लागते.

तेव्हां कोणतेंही उपकरण जोडण्यापूर्वी संस्थेनें पांच प्रश्न विचारावे. तें दप्तराशीं प्रसिद्ध करारानें बोलतें कीं डेटाबेसमध्यें शिरतें? तें जें लिहितें तें दाखलक्रमांकाशीं बांधतें कीं आपल्या खासगी क्रमांकाशीं? त्यास कोणतें दस्तक दिलें आहे, आणि तें रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे? त्याच्या नोंदींवर कर्त्याचें नांव व दिनांक असतो काय? आणि उद्यां तें बंद पडलें, तर त्यांतील सर्व टिपा साध्या मजकुराच्या फाइलींत, दाखलक्रमांकांसह, बाहेर काढतां येतात काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर तोंडी घेऊं नये. जोडणी केल्याच्या पहिल्याच महिन्यांत तशी फाइल काढवून, दहा-वीस टिपा मूळ कागदांशीं पडताळून पाहाव्या.

आमच्या त्या संस्थेंत आतां टिपा दाखलक्रमांकाशीं बांधलेल्या आहेत, आणि दर महिन्यास त्यांची फाइल काढून दोन ठिकाणीं ठेवली जाते. ज्या टिपांचा कागद सांपडला नाहीं त्या आम्हीं पुसल्या नाहींत. ‘स्थान अनिश्चित’ अशा मथळ्याखालीं, त्यांच्या कर्त्याच्या नांवानें, वेगळ्या ठेवल्या आहेत. संस्थेची अनुमति मिळाल्यास त्यांची यादी या त्रैमासिकांत छापण्याचा विचार आहे. ज्या अभ्यासकांनीं तो संग्रह पूर्वी पाहून आपल्या वह्यांत नकला केल्या असतील, त्यांस त्या यादींतील एखादी टीप कोणत्या कागदाची हें ओळखतां आल्यास त्यांनीं कृपा करून कळवावें. एक टीप जरी आपल्या कागदापाशीं परत गेली, तरी तें काम झालें असें आम्ही समजूं.